बँटम तिसऱ्या फेरीत दम सोडते: जेट वाढवण्याआधी क्रॅंककेसची गळती शोधा

लक्षण आधी सांगतो, कारण ते ओळखीचं वाटलं तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. थंड इंजिन पहिल्या किकला चालू होतं. पहिली फेरी उत्तम, दुसरीही उत्तम. तिसऱ्या फेरीत लांब चढावर, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, इंजिनातून बारीक टणटण ऐकू येते. ओढ कमी होते आणि मग कुणी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी जड होते. क्लच दाबून बाजूला घ्यावी लागते. दहा मिनिटं गार होऊ दिली की परत पहिल्या किकला चालू, जणू काही झालंच नव्हतं.

माझी गाडी बीएसए या ब्रिटिश कंपनीची बँटम डी७, १७२ सीसीची टू-स्ट्रोक, तीन गिअरची. दिवे, स्टँड, मोठे मडगार्ड काढून, मागचं स्प्रॉकेट मोठं टाकून ती मातीतल्या शर्यतीसाठी तयार केली होती. हा त्रास मला सलग दोन मोसम पुरला. दरवेळी काहीतरी बदललं, दरवेळी थोडा फरक पडला आणि दरवेळी तो परत आला. 'थोडा फरक पडला' यानेच माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

गाडीचा स्वभाव समजून घ्यायला थोडी पार्श्वभूमी. बँटम १९४८ साली १२३ सीसीची डी१ म्हणून आली. मूळ आराखडा जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी१२५ चा. युद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून तो ब्रिटनला मिळाला. बीएसएने तो आरशात पाहावा तसा उलटा केला, म्हणजे गिअर बदलायचा पायाचा लीव्हर ब्रिटिश पद्धतीप्रमाणे उजवीकडे आला. त्यामुळे प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारी साखळी) आणि क्लच उजवीकडे, जनरेटर डावीकडे. ब्रिटिश टपाल खात्याची तारवाटप करणारी पोरं याच गाडीवर फिरायची. म्हणजे हे इंजिन घडलं ते थांबत-थांबत जाणाऱ्या, अर्ध्या थ्रॉटलच्या कामासाठी. १९५९ ते १९६६ दरम्यानच्या डी७ मध्ये सिलिंडर डी१ पेक्षा मोठा, ६१.५ मिमीचा होता, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) मात्र तोच ५८ मिमीचा राहिला. असं इंजिन आपण वीस मिनिटं सलग पिळतो तेव्हा रस्त्यावर कधीच न दिसलेला दोष उघडा पडतो. लहान टू-स्ट्रोक मातीत टिकत नाही असं मात्र मुळीच नाही. डेव्ह बिकर्स १९६० आणि १९६१ मध्ये २५० सीसीचा युरोपियन मोटोक्रॉस विजेता झाला तो ग्रीव्ह्जच्या टू-स्ट्रोकवरच.

गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं

दोष गरम असताना येतो आणि गार झाल्यावर पळतो. त्यामुळे घरी आणून तपासलेली गाडी काहीच सांगत नाही. जे बघायचं ते तिथेच, घाम पुसण्याआधी.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. चिखलाच्या शर्यतीत हे फार वेळा होतं. मग कार्ब्युरेटरचा टिकलर (वर पेट्रोल आणणारं छोटं बटण) दाबा. पेट्रोल लगेच वर आलं तर फ्लोटच्या वाटीपर्यंत पुरवठा ठीक आहे. त्यानंतर प्लग काढा, खिशातला दुसरा प्लग लावून सिलिंडर हेडच्या फिनला टेकवा आणि किक मारून करंट, म्हणजे ठिणगी, बघा. हे करताना प्लगचं भोक कापडाने झाकून घ्या, म्हणजे तिथून येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटणार नाही. करंट नसेल किंवा पिवळट, अशक्त असेल तर गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल शोधा. तो वेगळा आणि त्यामानाने सरळ रोग आहे. काढलेला प्लग मात्र पुसू नका, तसाच कागदात गुंडाळून ठेवा.

माझ्या बाबतीत झाकण ठीक, टिकलरला पेट्रोल हजर, करंट निळा आणि जाड. प्लगचं पोर्सेलिन मात्र पांढरंफटक होतं. म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इंजिन जास्त तापतंय. इथपर्यंत माझं निदान बरोबर होतं. चूक त्याच्या पुढच्या पावलात झाली.

मोठा जेट आजार झाकतो

लीन आहे म्हटल्यावर मी जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा तुकडा, वाढवला. ॲमल कार्ब्युरेटरच्या मेन जेटवरचा नंबर म्हणजे ठरावीक चाचणीत एका मिनिटात त्यातून किती सीसी द्रव वाहतो तो आकडा, त्यामुळे दहाने नंबर वाढला की किती जास्त पेट्रोल जाणार याचा अंदाज येतो. पहिल्यांदा दहाने वाढवला. गाडी चार फेऱ्या चालली. मला वाटलं जमलं. पुढच्या वेळी पुन्हा तिसऱ्या फेरीत तेच. परत दहाने. शेवटी मी मूळच्या नंबरापेक्षा तीसने वर गेलो होतो. थंड असताना गाडी घुटमळायची, चार-चार स्ट्रोकला एकदा पेटायची, धूर काढायची. तापली की मात्र पुन्हा लीन.

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. जेट लहान असेल तर गाडी थंड-गरम दोन्ही वेळी लीन असते. थंड असताना रिच (पेट्रोल जास्त) आणि गरम झाल्यावर लीन, असं एकच इंजिन वागत असेल तर तापल्यावर कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय. ती हवा कार्ब्युरेटरला कळत नाही, म्हणून कितीही जेट बदलले तरी हिशोब जुळत नाही.

भीतीपोटी मी पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाणही वाढवलं होतं, लिटरला ४० मिली होतं ते ५० केलं. मिक्स पेट्रोलमध्ये तेल वाढलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा कमी होतो, म्हणजे मिश्रण आणखी थोडं लीन होतं. वंगण वाढवायचं असेल तर ते जेटिंगच्या आधी ठरवा आणि मग त्याला हात लावू नका.

गळतीच्या तीन खुणा माझ्या समोर होत्या. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नव्हता, क्षणभर वरच रेंगाळायचा. गरम इंजिनाचं आयडलिंग कधीच स्थिर बसत नव्हतं. आणि डावं कव्हर काढलं की मॅग्नेटच्या (जनरेटरच्या फिरत्या चुंबकाच्या) आसपास तेलकट ओल दिसायची. पॉइंटवरही (ठिणगी पाडायला उघड-मीट करणाऱ्या संपर्कांवरही) तीच चिकट पापुद्री. मी ती दरवेळी पुसायचो, पॉइंट पॉलिश करायचो, ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिमीचा गॅप लावायचो, आणि गाडी थोडी बरी चालायची. मी हा इग्निशनचा दोष समजत राहिलो. प्रत्यक्षात पिस्टन वर जाताना त्याच बाजूच्या सीलमधून (क्रॅंक शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यातून) हवा आत ओढली जात होती आणि खाली येताना मिक्स पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जात होती. ओल हा गळतीचा पुरावा होता आणि मी तो प्रत्येक शर्यतीआधी स्वच्छ पुसून टाकत होतो.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे प्रायमरी चेनकडचं सील गेलं तर चित्र वेगळं दिसतं. तिथून हवा नाही, गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं. पांढरा जाड धूर, काळा ओला प्लग आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी कारणाशिवाय खाली. या गाडीत प्रायमरी केस आणि गिअरबॉक्स यांचं तेल एकच असल्यामुळे हे पटकन कळतं. बँटमच्या वेगवेगळ्या मॉडेलांत सील आणि मेन बेअरिंगची मांडणी बदलत गेली आहे, तेव्हा आपल्या मॉडेलचा पार्ट्सचा नकाशा समोर ठेवूनच सीलची दिशा आणि जागा ठरवा.

हवा भरून तपासणी

टू-स्ट्रोकला क्रॅंककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रॅंक शाफ्टची पेटी, हाच पंप. तो हवाबंद नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया. तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा हाताने दाबायचा फुगा आणि डायल पुरतो. डायलवरचे २६० (मिमी पारा) म्हणजे साधारण ५ पीएसआय. त्याच्या फार वर जाऊ नका, सीलचा ओठ उलटा होऊ शकतो.

एक्झॉस्ट पाइप काढा आणि पोर्टवर रबराचा तुकडा ठेवून पट्टीने घट्ट आवळा. कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी रबरी बूच बसवा. जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्याच्या लोखंडी अंगात नळी बसवली की हवा भरायचं तोंड तयार. आता एक बारकावा, जो मला बराच उशिरा समजला. पिस्टन अगदी तळाला आणा. तेव्हाच ट्रान्सफर पोर्ट (क्रॅंककेस आणि सिलिंडर जोडणाऱ्या वाटा) उघडे असतात आणि प्लगच्या भोकातून भरलेली हवा सिलिंडरमधून क्रॅंककेसपर्यंत पोचते. पिस्टन वर असताना भराल तर फक्त वरची जागा तपासली जाईल. पिस्टन तळाला असताना इनलेट पोर्ट पिस्टनच्या स्कर्टने (खालच्या भागाने) झाकलेला असतो, म्हणून इनलेटचा जोड वेगळा बघावा लागतो. त्यासाठी नळी इनलेटच्या बुचात लावायची, पिस्टन वर न्यायचा आणि दुसऱ्यांदा हवा भरायची.

२६० पर्यंत भरा, नळी चिमटीत धरा, घड्याळ लावा. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरलं, म्हणजे साधारण १ पीएसआय, तर मी ते इंजिन शर्यतीला नेत नाही. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: सिलिंडरचा तळ, हेडचा जोड, क्रॅंककेसचा मधला जोड, खालचा ड्रेनचा बोल्ट, इनलेटचा जोड. मॅग्नेट काढून डाव्या सीलभोवतीही लावा. मॅग्नेट काढायला योग्य पुलरच वापरा. हातोडीच्या घावांनी शाफ्टही वाकतो आणि चुंबकही कमजोर होतं.

कार्ब्युरेटर फ्लॅंजचा असेल तर त्याची सपाटी काचेवर ठेवून तपासा. नट जास्त आवळून फ्लॅंजचे कान वाकलेले असणं हा जुन्या ॲमलचा नेहमीचाच प्रकार. मग कितीही नवीन पॅकिंग टाका, मधून हवा ओढली जाणारच.

थंड इंजिनावर माझी गाडी या परीक्षेत पास झाली. मिनिटाला जेमतेम २० उतरलं. सील तर मी आदल्याच मोसमात बदललं होतं, त्यामुळे मी गळतीचा विषयच बंद केला आणि पुन्हा जेटकडे वळलो. सहा महिने त्यात गेले.

गरम केल्यावर काय दिसलं

शेवटी एकदा गाडी पंधरा मिनिटं चांगली पिळून घेतली आणि हातमोजे घालून, चटके सोसत, इंजिन गरम असतानाच हीच तपासणी केली. काटा २६० वरून दहा सेकंदांत १०० च्या खाली. डाव्या सीलपाशी साबणाचे फुगे एका बाजूनेच येत होते. मॅग्नेटकडचं शाफ्टचं टोक हाताने वर-खाली हलवलं तर फुगे कमी-जास्त व्हायचे. थंड असताना ते टोक अजिबात हलत नव्हतं.

क्रॅंककेस ॲल्युमिनियमची, बेअरिंग स्टीलचं. ॲल्युमिनियम उष्णतेने स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. बेअरिंगच्या सुमारे ५० मिमी व्यासाच्या घरात (बसायच्या जागेत), तापमान ८० अंशांनी वाढलं तर दोघांमध्ये ०.०४ मिमीचा फरक पडतो. नवीन केसमध्ये बेअरिंग इतकं घट्ट बसवलेलं असतं की हा फरक त्यात मुरतो. साठ वर्षांत दहा वेळा बेअरिंग काढलं-घातलं गेलेल्या केसमध्ये ती घट्टी उरलेली नसते. थंड असताना बेअरिंग जागेवर धरलेलं, गरम झालं की आपल्या घरात सैल. मग शाफ्ट उडतो आणि सीलचा ओठ त्याच्या मागे तेवढ्या वेगाने जाऊ शकत नाही. केस उघडल्यावर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर चकचकीत पट्टा दिसला. रिंग घरात फिरत होती.

दुसरी गोष्ट शाफ्टवर सापडली. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे एक बारीक खाच पडली होती. डोळ्यांना नुसती रेष दिसते, नखाने चाचपली की लागते. मी नवीन सील टाकलं तेव्हा त्याचा ओठ बरोबर त्याच खाचेत जाऊन बसला होता. नवीन सीलने पहिले दोन-तीन दिवस गाडी सुधारली आणि मग परत बिघडली, त्याचं कारण हे.

म्हणून सील बदलून त्रास गेला आणि परत आला, तर तिसरं सील आणू नका. बेअरिंगचं घर आणि शाफ्टची खाच या दोन जागा बघा.

दुरुस्ती

घर किंचित सैल असेल, बेअरिंग हाताच्या दाबाने आत जात असेल पण डगडगत नसेल, तर बेअरिंग बसवायचं रिटेनिंग कंपाउंड (एक प्रकारचा गोंद) चालतं. दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न ठेवता साफ करून लावायचं. माझं घर त्याच्या पलीकडे गेलं होतं. केसचे दोन्ही अर्धे एकत्र आवळून, दोन्ही बाजूंचा मध्य एका रेषेत धरून घर मोठं केलं आणि त्यात बाही (धातूची पातळ नळी) बसवून घेतली. हे काम ज्याच्या लेथवर तुमचा पूर्ण विश्वास आहे त्याच्याकडूनच करून घ्या. मध्य जरा जरी सरकला तर क्रॅंक कायमचा वाकडा फिरेल. बेअरिंग सी३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असलेलं, घेतलं, कारण घट्ट घरात बसल्यावर आणि तापल्यावर आतला मोकळेपणा कमी होतो.

शाफ्टच्या खाचेला दोन उपाय आहेत. घरात जागा असेल तर सील एखाद-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालतो. मात्र त्याने वंगणाची वाट बुजत नाही ना हे आधी बघा. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची बाही चढवतात. माझं पहिल्यावर भागलं. सील व्हायटॉन या कृत्रिम रबराचं घेतलं. ते उष्णता जास्त सोसतं आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही साध्या रबरापेक्षा चांगलं टिकतं. सील सरकवताना शाफ्टवरच्या कीच्या (मॅग्नेट जागेवर धरणाऱ्या पाचरीच्या) खाचेवर गुळगुळीत टेप गुंडाळा. त्या खाचेच्या कडेने ओठ कापला गेला तर ते बाहेरून दिसत नाही आणि सगळी मेहनत पहिल्या दिवशीच फुकट जाते. ओठाला थोडं ग्रीस लावा.

सिलिंडर काढलाच होता तेव्हा पिस्टन बघितला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, बाकी बाजू स्वच्छ. हे तापून पकडल्याचं लक्षण. गार इंजिन लगेच पिळल्यावर पिस्टन चारही बाजूंनी धरतो, तेव्हा ओरखडे कुठे आहेत हे बघितल्याशिवाय पिस्टन फेकू नका. एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरमधली काजळीही तेव्हाच काढली. तुंबलेला सायलेन्सरही इंजिन तापवतो.

जोडताना टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नव्याने लावलं. आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, हाच क्रम, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं. पिस्टनची उंची प्लगच्या भोकातून डायल गेजने मोजली आणि आकडा आपल्या मॉडेलच्या हँडबुकातला घेतला. बँटमच्या मॉडेलांत हा आकडा बराच वेगळा आहे, दुसऱ्या मॉडेलचा लावला तर गरज नसताना टणटण आणि उष्णता ओढवून घ्याल.

नंतरचं जेटिंग

गळती गेल्यावर तीसने वाढवलेल्या जेटवर गाडी चालेचना. गुदमरली. एकेक नंबर उतरवत मी मूळच्या नंबराच्या फक्त दहाने वर थांबलो, आणि ते दहाही मोकळ्या केलेल्या एक्झॉस्टसाठी. एअर फिल्टर शर्यतीत असेल तोच, तेल लावलेला, बसवूनच जेट ठरवा. फिल्टर काढून ठरवलेला जेट फिल्टर बसवल्यावर रिच होतो. लांब चढावर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग बघायचा, हे अजूनही मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

डी७ च्या तीन गिअरमधलं अंतर मोठं आहे. चढावर दुसऱ्यात इंजिन किंचाळतं आणि तिसऱ्यात रडतं. तिसऱ्यात पूर्ण थ्रॉटल देऊन रडवत नेण्यात उष्णता सगळ्यात जास्त वाढते, म्हणून मागचं स्प्रॉकेट निवडताना सगळ्यात लांब चढाव तिसऱ्यात सहज निघेल असं निवडा, मग सपाटीवर थोडा वेग गेला तरी चालेल. बाकी तयारीत टायर रिमवर फिरू नये म्हणून सिक्युरिटी बोल्ट, ड्रेन बोल्टला तार, स्पोक एकसारखे ताणलेले आणि मागचा ॲक्सल, स्विंग आर्मचा पिव्होट व पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत असताना चेन जराशी सैल. सस्पेन्शन नुसतं लोंबकळत असताना चेन ताणली तर उडीनंतर ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते.

आता शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी इंजिन गरम करून तो फुगा लावतोच. मागच्या खेपेला पाच मिनिटांत काटा २६० वरून २४० वर आला, आणि डाव्या कव्हरच्या आत बोट फिरवलं तर कोरडं निघालं.